घरी काय बघू? वाचकांचे सिनेमाचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की घरी सिनेमा बघताना तुमचं नेमकं कुठे अडतं. भरभरून पत्रं आली, मेसेज तर त्याहून जास्त! सगळ्यांना इथे जागा देणं शक्य नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते निवडलेत आणि जे सिनेमे मला स्वतःला जीवापाड आवडतात तेच सुचवलेत.

प्रश्न : ताई, आमच्या घरात सासूसासरे, आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. शनिवारी रात्री सगळे मिळून सिनेमा बघू म्हणतो पण काय लावायचं यावरच तासभर जातो आणि शेवटी जो तो आपापला मोबाईल घेऊन आपापल्या खोलीत. सगळ्यांना चालेल असा सिनेमा असतो तरी का?

असतो की! भरपूर असतात. गडबड एवढीच होते की आपण टीव्ही लावतो आणि मग शोधायला लागतो, पोस्टर सरकवत बसतो, दोन ट्रेलर बघतो, तोपर्यंत निम्म्यांचा मूड गेलेला असतो. तेव्हा सिनेमा दुपारीच ठरवून ठेवा आणि ठरवायचं काम दर शनिवारी एकाच माणसाकडे द्या, मतदान वगैरे अजिबात नको. सासूबाईंची पाळी असेल तर त्या म्हणतील तो, धाकट्याची असेल तर तो म्हणेल तो, आणि बाकीच्यांनी त्या दिवशी कुरकुर करायची नाही.

पहिल्या शनिवारी तुम्ही माझं ऐका आणि 'चिल्ड्रन ऑफ हेवन' लावा. माजिद माजिदींचा इराणी सिनेमा, १९९७ चा, जेमतेम दीड तासाचा. गोष्ट एवढीशी आहे : अली नावाचा मुलगा बहिणीचे दुरुस्तीला नेलेले बूट हरवून बसतो, वडिलांकडे नवीन घ्यायला पैसे नाहीत हे दोघांनाही माहीत आहे, म्हणून ही भावंडं घरात काही बोलतच नाहीत आणि अलीचे एकुलते एक बूट दोघांत वापरतात. तिची शाळा सकाळी, त्याची दुपारी, आणि मधल्या वेळात गल्लीत धापा टाकत येऊन अदलाबदल. बहिणीच्या, झहराच्या, पायाला ते बूट मोठे होतात, आणि एकदा पळताना त्यातला एक निसटून गटारात पडतो आणि पाण्याबरोबर वाहत सुटतो, ती काठाकाठाने त्याच्या मागे धावते. बघताना तुमचे सासरेही पुढे सरकून बसतील, बघाच. मारामारी नाही, खलनायक नाही, एक बूट वाहून जातोय आणि आपला श्वास अडकलाय! शेवटी एक शर्यत आहे त्यात अलीला पहिलं यायचंच नाहीये, त्याला तिसरं यायचंय, कारण तिसऱ्या नंबरच्या बक्षिसात बूट आहेत. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही.

भाषा फारसी आहे त्यामुळे सबटायटल वाचावे लागतील. धाकट्याला वाचायला जड गेलं तर ताईने मोठ्याने वाचून दाखवावं, संवाद तसेही थोडे आणि सोपे आहेत. आणि सासूसासऱ्यांना ते वाचायचा कंटाळा असेल तर सरळ मराठीत या. परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४), त्यात तर सायकलचं नाव एलिझाबेथ आहे, वडिलांनी स्वतः बनवलेली सायकल विकावी लागू नये म्हणून पंढरपूरच्या जत्रेत दुकान मांडणारी मुलं आहेत, आणि ती मुलं इतकी खरी वागतात बोलतात की कुठेही 'बालकलाकार' वाटत नाहीत. किंवा अविनाश अरुणचा 'किल्ला', तोही २०१४ चाच. वडील गेलेत, आईची कोकणात बदली झालीय, आणि पुण्याहून आलेल्या चिन्मयला तिथे कुणीच ओळखीचं नाही. नवीन शाळेत एकटं पडलेलं मूल म्हणजे काय हे तुमच्या दोन्ही मुलांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. अविनाश मूळचा कॅमेरामन आहे आणि या सिनेमाचा कॅमेराही त्यानेच सांभाळलाय, त्यामुळे त्यातला पाऊस, समुद्र, किल्ल्याच्या ओल्या भिंती, सगळं अंगावर येतं. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीने याला क्रिस्टल बेअर दिलं होतं, म्हणजे मोठ्यांनी मुलांसाठी चांगला ठरवलेला हा सिनेमा नाही, मुलांनी स्वतः निवडलाय, हे मला फार आवडतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. जुने क्लासिक वगैरे बघायची खूप इच्छा आहे पण खरं सांगू का, दहा मिनिटांत हात फोनकडे जातो. जुने सिनेमे स्लो असतात हे मान्य करा ना ताई!

सगळे असतात हे मुळीच मान्य करणार नाही! तुला मी दोन सिनेमे सांगते, दोन्ही जवळपास एकाच जागेत घडतात, आणि दोन्हींमध्ये फोन बघितलास तर नुकसान तुझं.

पहिला दिग्दर्शक हिचकॉकचा 'रिअर विंडो', १९५४ चा, आणि रंगीत आहे. एका फोटोग्राफरचा पाय मोडलाय, प्लास्टर घालून तो खुर्चीत अडकलाय आणि दिवसभर करायचं काय तर खिडकीतून समोरच्या घरांमध्ये डोकावत बसतो. आणि एक दिवस त्याला वाटायला लागतं की समोरच्या घरात खून झालाय. बस, एवढंच. आता तू सुरुवातीकडे नीट बघ. कॅमेरा अंगणातून फिरत त्याच्या खोलीत येतो : झोपलेला घामेजलेला माणूस, पायाचं प्लास्टर, त्यावर लिहिलेलं त्याचं नाव, मग एक मोडका कॅमेरा, मग भिंतीवर रेसमधल्या अपघाताचा फोटो, त्यात एक चाक थेट अंगावर येतंय. कुणी एक शब्द बोललेलं नाही आणि तुला कळलं की हा कोण, काय काम करतो, पाय कसा मोडला. या वेळात तू फोन बघत असशील तर यातलं सगळंच गेलं आणि मग तूच म्हणणार की काही घडतच नाही.

आणखी एक गंमत, पुढे जवळजवळ सगळा वेळ कॅमेरा त्याच्याच खोलीत राहतो, त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, समोरचे लोक काय बोलतात ते धड ऐकू येत नाही. मग त्याची मैत्रीण, म्हणजे ग्रेस केली, त्या समोरच्या घरात शिरते आणि हा इकडे खुर्चीत बसून नुसता बघतोय, उठता येत नाही, ओरडता येत नाही. आपणही तसेच बसलेलो असतो! म्हणून हा सिनेमा घरी, रात्री, दिवे घालवून बघण्यासारखा दुसरा नाही. आणि समोरच्या संगीतकाराच्या खोलीत घड्याळाला किल्ली देत उभा असलेला जाडा माणूस दिसला की ओळख, तो स्वतः हिचकॉक.

दुसरा '१२ अँग्री मेन', १९५७, हा ब्लॅक अँड व्हाइट. सिडनी लुमेटचा हा पहिलाच सिनेमा यावर विश्वास बसत नाही. एका मुलावर वडिलांच्या खुनाचा आरोप आहे, बारा ज्युरी, म्हणजे निकाल ठरवणारे साधे नागरिक, एका खोलीत, भयंकर उकाडा, निर्णय एकमताने व्हायला हवा. अकरा जण म्हणतात दोषी, एकजण, म्हणजे हेन्री फोंडा, म्हणतो, जरा बोलूया. दीड तास फक्त बोलणं आहे आणि एक सेकंद कंटाळा येत नाही, मी पैजेवर सांगते. एका प्रसंगात सगळे म्हणत असतात की खुनातला चाकू अगदी वेगळा आहे, तसा दुसरा मिळणारच नाही, आणि हेन्री फोंडा खिशातून तस्साच चाकू काढून टेबलावर रोवतो. खोलीत जे होतं ते तुझ्याही खोलीत होईल.

तू अभ्यासू दिसतेस किंवा दिसतोस म्हणून एक आतली गोष्ट सांगते. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर आहे, मग नजरेच्या पातळीला येतो आणि शेवटच्या भागात खाली जातो, इतका की छत दिसायला लागतं, शिवाय लुमेटने लेन्सही बदलत नेल्यात त्यामुळे भिंती हळूहळू जवळ आल्यासारख्या वाटतात. पहिल्यांदा बघताना हे कळत नाही, फक्त गुदमरायला होतं. दुसऱ्यांदा बघ, मग दिसेल. घरी बघण्याचा हाच तर फायदा आहे, पुन्हा बघता येतं! याचा हिंदी अवतार बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' (१९८६), त्यात लुमेटच्या सिनेमातल्या सगळ्यात चिडक्या ज्युरीच्या जागी पंकज कपूर आहेत. आधी इंग्रजी बघ, मग आठवड्याने हिंदी, आणि पंकज कपूरच्या शेवटच्या काही मिनिटांसाठी तर बघच बघ.

फोनचं म्हणशील तर तो सायलेंट करून उपयोग नाही, दुसऱ्या खोलीत ठेव. पहिली वीस मिनिटं दिलीस की पुढचं सिनेमा बघून घेतो.

प्रश्न : माझ्या वडिलांना आता ऐकू फार कमी येतं. सिनेमाचे प्रचंड शौकीन होते, हल्ली टीव्हीसमोर नुसते बसून राहतात, मध्येच 'काय म्हणाला?' विचारतात आणि मग विचारायचंही सोडून देतात. फार वाईट वाटतं. काही सुचवाल का?

तुमचं पत्र वाचून मला लगेच 'पुष्पक' आठवला. १९८७ चा, सिंगीतम श्रीनिवास राव यांचा, कमल हासन आणि अमला. अख्ख्या सिनेमात एकही संवाद नाही! मूकपट मात्र नाही, आवाज आहेत, गाड्या आहेत, गर्दी आहे, पण कुणी बोलत नाही, आणि त्याची उणीव कुठेही जाणवत नाही. बेकार तरुण, एका श्रीमंत दारुड्याच्या जागी जाऊन पंचतारांकित हॉटेलात राहायला लागतो आणि मग जे काय घडतं ते. थोडा आवाजावरचा विनोद आहे तेवढा बाबांना खूण करून सांगावा लागेल, जसं की या पठ्ठ्याला गोंगाटाशिवाय झोप येत नाही म्हणून तो आपल्या जुन्या खोलीजवळचा थिएटरचा आवाज टेपवर भरून आणतो आणि हॉटेलच्या मऊ गादीवर तो लावून झोपतो. बाकी सगळं डोळ्यांनी कळतं. मुख्य म्हणजे बाबा, तुम्ही, मुलं, सगळे एकाच वेळी हसाल, कुणी कुणाला मागून समजावून सांगत बसणार नाही.

मग खऱ्या मूकपटांकडे वळा. बस्टर कीटनचा 'द जनरल' (१९२६) लावा. चेहऱ्यावर एक रेषा न हलवता हा माणूस धावत्या रेल्वे इंजिनावर जे करतो ते बघून आजही पोटात गोळा येतो, आणि सगळं खरं आहे, खरं इंजिन, खरा पूल, तो पूल कोसळतो तेव्हा इंजिनही खरंच खाली जातं. एक जागा मला फारच आवडते : प्रेयसीने नाकारलंय म्हणून तो दुःखात इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर जाऊन बसतो, इंजिन सुरू होतं, दांडा वर खाली, वर खाली, आणि त्याच्या लक्षातच येत नाही.

त्यानंतर चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स'. १९३१ म्हणजे बोलपट येऊन स्थिरावलेही होते, तरी चॅप्लिन अडून बसला की माझा भटक्या, म्हणजे ट्रॅम्प, बोलणार नाही, फक्त संगीत असेल, आणि तेही त्याने स्वतः रचलं. आंधळी फूलवाली आणि तिला तो श्रीमंत वाटलेला भटक्या. बॉक्सिंगच्या प्रसंगाला बाबा खदखदून हसतील. शेवटच्या प्रसंगाला काय होईल ते तुम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसा म्हणजे झालं.

आणि बोलका सिनेमा लावायचा असेल तर मराठी असला तरी सबटायटल चालू ठेवा, घरातल्या बाकीच्यांना सवय होते दोन दिवसांत. मूकपटांची गोडी लागलीच तर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) न चुकता दाखवा, दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' कसा उभा केला त्याची गोष्ट. नंदू माधव यांनी असा उत्साही, हट्टी, हसरा फाळके केलाय की बघून उठल्यावर आपल्यालाच काहीतरी करावंसं वाटतं.

प्रश्न : नवीन मोठा टीव्ही घेतला पण सिनेमा लावला की तो मालिकेसारखा दिसतो, एकदम गुळगुळीत, खोटा खोटा. आणि संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा तर मारामारीला कानठळ्या. टीव्हीच खराब आहे का?

टीव्ही उत्तम आहे, सेटिंग बदलायला हवं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या वेगाने चित्रित केलेला असतो आणि त्या वेगाची एक खास लय आपल्या डोळ्यांना ओळखीची असते. आजकालचे टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने बनवलेली चित्रं घुसडतात, क्रिकेटचा चेंडू बघताना ते ठीक आहे पण सिनेमाची पार वाट लागते. याला मोशन स्मूदिंग म्हणतात, प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, पिक्चरच्या सेटिंगमध्ये 'मोशन' असं काहीतरी दिसेल ते बंद करा. किंवा 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा, नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. पहिले पाच मिनिटं रंग पिवळट, अंधुक वाटतील, थांबा, डोळे सरावतात, आणि मग माणसांच्या चेहऱ्याचा रंग खरा दिसायला लागतो.

आवाजाचं कारण असं की बऱ्याच सिनेमांचा ध्वनी पाच सहा स्पीकरसाठी बांधलेला असतो, त्यातले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, आणि तुमच्या टीव्हीला बहुतेक दोनच स्पीकर आहेत. ऑडिओच्या यादीत ५.१ (म्हणजे सहा स्पीकरचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरचा) निवडायला मिळालं तर निवडा. 'नाइट मोड' असेल तर लावा, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो.

आणि हो, वरखाली किंवा आजूबाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर त्या तशाच राहू द्या! झूम करून पडदा भरू नका, ताणू तर मुळीच नका. जुने सिनेमे जवळपास चौकोनी असतात, ते ताणले की सगळे लोक जाडे दिसतात आणि झूम केले की डोकी कापली जातात. दिग्दर्शकाने एवढं जिवापाड बांधलेलं चित्र आपण कापायचं कशाला?

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे, कार्टून सिनेमातही राक्षस, जादूगारीण आली की रडते. तिच्यासोबत काय बघू?

'माय नेबर टोटोरो', डोळे मिटून. हायाओ मियाझाकींचा जपानी कार्टून सिनेमा, १९८८ चा. यात दुष्ट कुणीही नाही, अगदी कुणीही नाही. दोन बहिणी वडिलांबरोबर गावाकडच्या जुन्या घरात राहायला येतात, आई आजारी आहे, हॉस्पिटलमध्ये आहे, आणि जंगलात एक केसाळ, गुबगुबीत, भलामोठा प्राणी राहतो. पावसात बस स्टॉपवर थांबलेल्या त्या दोघींच्या शेजारी तो येऊन उभा राहतो, मोठी बहीण त्याला छत्री देते, आणि छत्रीवर टपकन पडलेल्या थेंबाचा आवाज त्याला इतका आवडतो की तो उडी मारून झाडावरचं सगळं पाणी एकदम पाडतो. तुमची मुलगी हा भाग परत परत लावायला सांगेल, तयारी ठेवा. आईच्या आजारपणामुळे एका ठिकाणी धाकटी रडते, हरवते, तेव्हा मुलीला जवळ घेऊन बसा.

एक सावधगिरी. त्याच स्टुडिओचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' जपानमध्ये टोटोरोबरोबरच एका तिकिटात लागला होता म्हणून दोन्ही एकसारखे असतील असं समजू नका. तो युद्धात अनाथ झालेल्या भावंडांचा आहे, थोर आहे, पण लहान मुलांना दाखवायचा नाही. तुम्ही एकटीने बघा, कधीतरी मन घट्ट असेल तेव्हा.

प्रश्न : दिवसभर काम करून घरी आल्यावर मला काही जड बघवत नाही आणि मिस्टरांना सारखे गंभीर सिनेमे हवे असतात. हसायला चांगलं काही सांगा, पण फालतू नको.

'अंगूर'! गुलजारांचा, १९८२ चा. शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स' वरून केलेला, दोन जुळ्या जोड्या, दोन संजीव कुमार आणि दोन देवेन वर्मा, एकाच गावात एकाच दिवशी. यातला बाहेरून आलेला संजीव कुमार डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचून वाचून असा झालाय की जो भेटेल तो त्याला टोळीचा माणूस वाटतो, आता अशा माणसाला अनोळखी बाई येऊन हक्काने नवरा म्हणून घरी न्यायला लागली तर काय होईल! मजा अशी की दोन्ही भूमिकांना वेगळा मेकअप नाही, वेगळी मिशी नाही, तरी संजीव कुमार नुसता बसला तरी कळतं हा कुठला. मिस्टरांना सांगा की अभिनय बघायचाय म्हणून लावतेय. ते गंभीरपणे बसतील आणि अर्ध्या तासात गडाबडा लोळतील.

'अंगूर' संपला की 'गोलमाल' (१९७९), आणि तो फक्त उत्पल दत्त यांच्यासाठी. आणि मराठीत 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) तुम्ही कितीदाही बघितला असेल, पण तो पुन्हा एकदा पूर्ण बघा, तुकड्यातुकड्यांत रील बघता तसा नको. अशोक सराफ समोरचा बोलत असताना काय करतात तेवढंच एकदा बघा. स्वतःचं वाक्य नसतानाही ते डोळ्यांनी इतकं काही करत असतात की संवाद पाठ असलेल्यांनाही नवीन सापडेल.

प्रश्न : 'सेव्हन सामुराय' बद्दल एवढं ऐकलंय पण साडेतीन तास! धीरच होत नाही.

दोन रात्रीत बघा. त्यात चक्क मध्यंतर आहे, दिग्दर्शक कुरोसावाने ठेवलेलं, तिथे थांबा. पहिल्या रात्री सामुराय, म्हणजे जुन्या जपानमधले लढवय्ये, गोळा होतात, दुसऱ्या रात्री लढाई.

आणि धीर कसा होत नाही म्हणता, सुरुवातच बघा ना! १९५४ चा सिनेमा आहे, लुटारूंनी गांजलेले शेतकरी आपल्यासाठी लढेल असा सामुराय शोधत फिरतायत, त्यांना एके ठिकाणी गर्दी दिसते. एका चोराने लहान मूल पकडून ठेवलंय आणि एक वयस्क सामुराय नदीकाठी बसून शांतपणे स्वतःची शेंडी कापून घेतोय, डोकं भादरून घेतोय. शेंडी म्हणजे सामुरायची इज्जत, लोक तोंडात बोटं घालून बघतायत. का? तर भिक्षूचा वेष घेऊन चोराच्या जवळ जायचंय. एका अनोळखी मुलासाठी हा माणूस हे करतो, आणि त्याने कुणाला काही समजावून सांगितलेलं नाही. तिथेच शेतकऱ्यांना कळतं आणि आपल्यालाही कळतं की पुढारी सापडला. सातजण गोळा होईपर्यंत प्रत्येकाची अशी ओळख आहे, म्हणून दुसऱ्या रात्री पावसात, चिखलात जेव्हा लढाई होते तेव्हा आपण मोजत बसतो की कोण उरलं. कुरोसावाही मोजतोच, नकाशावर लुटारूंची गोल चिन्हं काढलीत आणि एकेक मेला की फुली. नट तोशिरो मिफुने यात काय आहे ते शब्दांत सांगायचा मी प्रयत्नही करत नाही.

प्रश्न : मी एकटी राहते. रात्री शांतपणे एकटीने बघावा असा सिनेमा सांगा. रडू आलं तरी चालेल.

'उंबरठा'. डॉ. जब्बार पटेलांचा, १९८२. स्मिता पाटीलची सुलभा महाजन घर, नवरा, लहान मुलगी मागे ठेवून दूरच्या महिला सुधारगृहात अधीक्षक म्हणून कामाला जाते. सिनेमा तिला देवी करत नाही आणि गुन्हेगारही ठरवत नाही, ती चिडते, थकते, घरची आठवण काढते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागते. सुरेश भटांचं 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, पण ते सिनेमात जिथे येतं तिथे स्मिताच्या चेहऱ्यासकट ऐका, मग ते गाणं तुमच्यासाठी बदललेलं असेल. घरच्या गडबडीत हा सिनेमा अर्धा निसटतो, एकटीने बघायचं हे एक मोठं सुख आहे आणि ते तुमच्याकडे आहे.

दुसऱ्या रात्री जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). म्हातारे आईवडील मुलांना भेटायला शहरात येतात आणि मुलांना वेळ नाही. मुलं वाईट नाहीत, कामात आहेत, हेच तर जास्त लागतं. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर असतो आणि जवळपास हलत नाही, आपणही त्या घरात एका कोपऱ्यात बसलोय असं वाटतं. विधवा सूनच काय ती त्यांचं मनापासून करते, ती सेत्सुको हारा, तिचं हसू लक्षात ठेवा. बघून झाल्यावर लगेच झोपायला जाऊ नका, थोडा वेळ ठेवा हाताशी.

प्रश्न : एकच सिनेमा सांगायचा झाला तर?

'पथेर पांचाली'. सत्यजित राय यांचा पहिला सिनेमा, १९५५. कॅमेरामन सुब्रत मित्रांनी त्याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेलाच नव्हता, पैसे संपले म्हणून शूटिंग मध्ये मध्ये थांबत राहिलं, शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले तेव्हा पूर्ण झाला. पण हे सगळं विसरून बघा. मिठाईवाला कावड घेऊन चाललाय, पैसे नाहीत तरी दुर्गा आणि अपू त्याच्या मागे, त्यांच्या मागे कुत्रं, आणि ही सगळी वरात तळ्याच्या पाण्यात उलटी चाललेली दिसते, वर सतार. गरिबीचा सिनेमा म्हणून लोक घाबरतात, पण यात केवढा आनंद भरलाय! आणि दुःख येतं तेव्हा एके ठिकाणी आईचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य वाजतं, तेव्हा आवाज थोडा वाढवून ठेवा.

प्रिंट मात्र जपून निवडा, खराब कॉपीवर वेळ घालवू नका. लंडनमधल्या आगीत याच्या मूळ निगेटिव्हचं फार नुकसान झालं होतं, नंतर खूप खपून तो दुरुस्त केला गेला आणि २०१५ मध्ये नव्याने आला, तीच कॉपी शोधा. आणि आवडला की आठवडाभरात 'अपराजितो' (१९५६) आणि त्यानंतर 'अपूर संसार' (१९५९), याच क्रमाने.